कानस

गिऱ्हाईक आधी विचारतं, मिस्त्री कुठंय?
मी कानस हातात धरूनच बसलेली असते.
"इथंच आहे. ठेवा मशीन. टाकी रिकामी केलीत का?"
बहुतेकांनी केलेली नसते.

वडाळा नाक्याला, टायरवाल्याच्या मागं
सात बाय नऊचा गाळा.
झाडं इथवर येत नाहीत. त्यांचा भुसा येतो.
झाकण उघडलं की कळतं
कोण कुठं काय कापून आलंय.
मोहाडीकडची जुनी द्राक्षबाग, खोडात मांडवाची तार रुतलेली,
म्हणून ओळीनं सहा दात गेलेले.
पेठकडचा साग, तेलकट, नाकात बसणारा.
आणि गंगापूर रोडचा वड असेल
तर क्लचच्या ढोलाला गुंडाळलेला पांढरा दोरा,
सात जन्मांचा,
चिमट्यानं सोडवावा लागतो.
फेकवत नाही. बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवते.
डब्याचं झाकण आता लागत नाही.

आज बेंडकुळ्यांचा पोरगा आला, तन्मय.
पाण्याच्या बाटलीत पेट्रोल.
ऑइल किती घालतोस?
म्हणे, अंदाजानं.
अंदाज आमटीला चालतो रे.
लिटरला वीस मिली, ही घे औषधाची सिरिंज, परत आणू नकोस.
इंजिन तापलेलं असताना ओतायचं नाही,
आणि जिथं ओतलं तिथं चालू करायचं नाही,
दहा पावलं लांब जायचं.
दहा. मोजून.

बस इथं. हातमोजा घाल.
कानस ढकलायची, आतून बाहेर, तिरकी,
परत आणताना दातावरून उचलायची.
ह्याला चार घासे दिले तर सगळ्यांना चारच.
एका बाजूचे लाड केलेस
की करवत लाकडात तिकडंच वळते,
मग कितीही दाब, सरळ जाणार नाही.
धार राहिली का, ते बोटाला विचारू नकोस,
भुशाला विचार.
पीठ पडायला लागलं की थांब.
ढलप्या पडतायत तोवर चालू दे.

साखळी ओढून बघ. पट्टीतून जीभ बाहेर यायला नको,
सोडली की टच्‌ करून परत बसली पाहिजे.
हं. तशी.

आता हे नाक.
पट्टीचं टोक, त्याचा वरचा भाग.
तो कशालाच लागू द्यायचा नाही, मागच्या फांदीलासुद्धा नाही.
लागला तर मशीन लाकडात शिरत नाही,
तुझ्याकडं येतं.
आपण मान फिरवेपर्यंत आलेलं असतं.

इथं मी थांबते. पोरगा वर बघतो.

तीन वर्षांपूर्वी रंगनाथ बेंडकुळे आले होते
ह्याच स्टुलावर. घाई होती.
पुढचा दांडा सारखा मनगटाला लागून ब्रेक बसतो म्हणाले,
तारेनं मागं बांधून टाक.
मी नको म्हणाले. एकदाच म्हणाले.
मग पक्कड घेतली, तीन वेढे दिले,
तीस रुपये लावले.
ओझरला बाभळीची फांदी होती,
खांद्याच्या वर धरून कापत होते.
डावा हात आजही गळ्यापर्यंतच येतो त्यांचा.
मला कधी काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

"काकांना माहितीय का तू इथं आलास?"
"त्यांनीच धाडलंय," तो म्हणतो.
"म्हणाले, दुसऱ्या कुणाकडं शिकू नको."

कानशीवरची लोखंडी कूस मी बराच वेळ झटकत राहते.

चल, बाहेर. दहा पावलं.
खाली ठेव, मातीवर. हवेत धरून दोरी ओढायची नाही,
कितीही जण तसं करताना दिसले तरी.
ब्रेक पुढं. बूट मागच्या दांड्यात.
डावा अंगठा दांड्याच्या खालून, पूर्ण वेढा.
ओढ.

दोनदा खोकतं, मग लागतं.
नाक्यावरचे दोन रिक्षावाले माना वळवतात.
आता ब्रेक माग घे, गॅस सोड, नुसतं चालू दे.
इंजिन चालू, साखळी जागची हलत नाही.
मी पट्टीकडं बघत राहते,
ती हलत नाही.

बंद कर.

किती झाले, विचारतो.
धारेचे ऐंशी.
ब्रेकला हात लावलेला नाही.